यंत्राची साक्ष : रामघाट ते नियंत्रणकक्ष

भास्कराचार्य आणि त्यांची कन्या लीलावती यांची कथा आपणांपैकी बहुतेकांनी शाळेत असतानाच ऐकलेली असेल. विवाहाचा मुहूर्त नेमका साधावा म्हणून पाण्याने भरलेल्या पात्रात घटिकापात्र सोडलेले होते. तळाशी बारीक छिद्र असलेली ती वाटी भरून बुडाली की मुहूर्त आला, असे समजावयाचे. कुतूहलाने लीलावती वाकून पाहू लागली, तिच्या अलंकारातील एक मोती सुटून वाटीत पडला आणि छिद्रावर बसला. पाणी आत शिरेना, वाटी बुडेना. मंडळी वाट पाहत राहिली आणि मुहूर्त टळून गेला. ही कथा आपल्याला मुख्यतः फैजीने १५८७ मध्ये केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी भाषांतरामुळे ठाऊक आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. म्हणजे ग्रंथकर्त्यानंतर चारशेहून अधिक वर्षांनी ती लेखात आलेली दिसते. तेव्हा इतिहास म्हणून तिच्यावर किती भिस्त ठेवावी हा प्रश्न वेगळा. परंतु यंत्रशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर ती तंतोतंत खरी आहे.

कारण त्या कथेत वाटी फुटलेली नाही, उलटलेली नाही, पाणी सांडलेले नाही. वाटी पूर्वीसारखीच तरंगते आहे. बिघडलेले घटिकापात्र आणि ‘अजून वेळ झालेली नाही’ असे सांगणारे चांगले घटिकापात्र ही दोन्ही बाहेरून अगदी सारखीच दिसतात. आजच्या कारखान्यात उष्णता, दाब, पातळी, वेग, कंप अशा शेकडो गोष्टींवर लक्ष ठेवणारी जी उपकरणे असतात, ज्यांना आपण संवेदक किंवा सेन्सर म्हणतो, त्यांच्यापुढेही हीच अडचण उभी असते. यंत्र सांगते ते खरे कशावरून? आजच्या भाषणात या प्रश्नाचा इतिहास मला थोडक्यात मांडावयाचा आहे आणि त्यासाठी आपणांस उज्जैनला, क्षिप्रेच्या काठावर न्यावयाचे आहे.

उज्जैनशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि पुढे १८१० मध्ये ग्वाल्हेरला राजधानी हलेपर्यंत हे नगर शिंद्यांची राजधानी होते. क्षिप्रेवरील घाटांत रामघाट मुख्य. नाशिकला जे स्थान रामकुंडाचे, तेच उज्जैनला रामघाटाचे. गुरू सिंह राशीत आला म्हणजे दोन्हीकडे सिंहस्थ भरतो आणि लाखो लोक पाण्यात उतरतात. गुरू केव्हा कोणत्या राशीत आहे, सूर्य मेषेत केव्हा शिरला, हे कोणीतरी आधी मोजलेले असावे लागते. मोजणी चुकली तर लक्षावधी माणसे चुकीच्या दिवशी घाटावर येतील. म्हणून तीर्थाच्या या नगरीत गणिताला मोठा मान होता. प्राचीन ज्योतिषग्रंथांनी भूगोलाची मध्यरेषा उज्जैनवरून कल्पिली होती. आज ग्रिनिचला जे स्थान आहे, ते आपल्या सिद्धांतग्रंथांत अवंतीला होते. सहाव्या शतकातील वराहमिहिराचे नावही याच अवंतीशी जोडलेले आहे.

त्या काळी वेळ मोजण्याचे नित्याचे साधन म्हणजे घटिकापात्र. अहोरात्रीच्या साठ घटका, म्हणजे एक घटका आपल्या चोवीस मिनिटांची. वाटी बुडाली की जवळ बसलेल्या माणसाने तास वाजवावयाचा, वाटी रिकामी करून पुन्हा पाण्यावर ठेवावयाची. येथे वाटी हा संवेदक आणि माणूस हा नियंत्रक होता. पण त्या माणसाचे आणखी एक काम होते आणि ते कोणी त्याला नेमून दिलेले नसे. वाटी फार वेळ बुडाली नाही तर त्याच्या मनात शंका येई. ऊन कोठवर चढले, सावली कोठे गेली, हे तो पाही आणि वाटीत कचरा तर अडकला नाही ना, म्हणून तिच्यात डोकावे. वाटीची साक्ष तो आपल्या अनुभवाच्या साक्षीशी ताडून पाहत असे. पुढच्या सगळ्या इतिहासात या न नेमलेल्या कामाचे महत्त्व आपल्याला दिसणार आहे.

आता अठराव्या शतकाकडे येऊ. जयपूरचे सवाई जयसिंह हे मोगल बादशहाच्या वतीने माळव्याचे सुभेदार म्हणून नेमले गेले होते. राजकारणाइतकाच त्यांचा जीव ज्योतिषात होता. जुन्या कोष्टकांवरून काढलेली ग्रहांची स्थाने आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारी स्थाने यांचा मेळ बसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. प्रथम त्यांनी पितळेची यंत्रे करविली. ती त्यांना पसंत पडली नाहीत. मुहम्मदशाह बादशहाच्या नावाने त्यांनी जे कोष्टक सिद्ध केले, त्याच्या प्रस्तावनेत याची कारणे दिलेली आहेत. पितळी यंत्र लहान असते, त्यामुळे अंशाचे बारीक भाग त्यावर पाडता येत नाहीत. त्याचे आस झिजतात, हलतात. मध्यबिंदू सरकतो आणि पातळी बिघडते. आजच्या कारखान्यात उपकरणांची देखभाल करणाऱ्या कोणाही तंत्रज्ञाला ही यादी दाखवावी. शब्द जुने आहेत, तक्रार रोजची आहे, असेच तो म्हणेल.

यावर जयसिंहांनी दोन उपाय केले. पहिला उपाय सर्वांस माहीत आहे. त्यांनी यंत्रे चुना आणि दगड यांची, भव्य आकाराची बांधली, म्हणजे ती हलणार नाहीत आणि त्यांवर बारीक खुणा करता येतील. उज्जैनला क्षिप्रेच्या काठी असलेल्या वेधशाळेतील सम्राट यंत्र हे याच जातीचे. त्याच्या तिरप्या भिंतीची सावली दोन्ही बाजूंच्या वर्तुळखंडांवर पडते आणि त्यावरून स्थानिक वेळ वीस सेकंदांपर्यंत वाचता येते. दुसरा उपाय मात्र फारसा सांगितला जात नाही आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा आहे. त्यांनी एकच वेधशाळा बांधली नाही. दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी त्या बांधल्या. एका ठिकाणच्या वेधाचा पडताळा दुसऱ्या ठिकाणच्या वेधाने पाहता यावा, हा त्यामागील हेतू त्याच प्रस्तावनेत नमूद आहे. एकट्या यंत्राच्या साक्षीवर, मग ते कितीही भव्य असो, विसंबावयाचे नाही असा हा दंडक होता.

हा दंडक त्यांनी परकीय विद्येलाही लावला. १७२७ मध्ये त्यांनी पोर्तुगालला एक शिष्टमंडळ पाठविले. त्याचे प्रमुख होते मान्युएल द फिगेरेदो हे येशूसंघीय धर्मगुरू. गोव्याच्या मार्गाने ही मंडळी लिस्बनला गेली आणि परतताना फ्रेंच ज्योतिषी ला हायर याची छापील कोष्टके घेऊन आली. युरोपातून आलेला ग्रंथ म्हणून जयसिंहांनी तो डोक्यावर घेतला नाही, अथवा परक्यांचा म्हणून फेकूनही दिला नाही. कोष्टकांवरून चंद्राचे स्थान काढले, आपल्या यंत्रांनी प्रत्यक्ष वेध घेतले आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची तफावत निघाली, म्हणजे जवळजवळ चंद्रबिंबाच्या रुंदीइतकी. ग्रहणाच्या वेळेत पंधरा पळांचा, म्हणजे सहा मिनिटांचा फरक पडला. त्यांच्या पदरी असलेले जगन्नाथ पंडित, ज्यांना परंपरा महाराष्ट्रीय मानते, यांनी टॉलेमीचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला होता. ग्रीक, अरबी, संस्कृत आणि फ्रेंच अशा चार परंपरांची साक्ष एका जागी काढण्याचे काम त्या काळी आपल्या देशात चालले होते, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे.

अर्थात जयसिंहांचे सर्वच निदान बरोबर नव्हते. युरोपीय कोष्टकांतील चूक तिकडील यंत्रे लहान असल्यामुळे झाली, असे त्यांना वाटले. परंतु केवळ आकार वाढवून अचूकपणा वाढतच जातो असे नाही. सूर्य हा बिंदू नसून बिंब आहे. म्हणून भिंत जितकी उंच, तितकी तिच्या सावलीची कड धूसर होत जाते. कड कोठे संपली हे वाचणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून राहते. त्याच सुमारास युरोपातील वेधशाळांत दुर्बीण मोजमापाच्या यंत्राला जोडली गेली होती आणि अचूकपणाचा पुढचा रस्ता तिकडून जाणार होता. प्रत्येक मापकाला आपली मर्यादा असते आणि ती मर्यादा त्याला स्वतःला सांगता येत नाही, हा धडाही त्या दगडी यंत्रांपाशीच मिळतो.

जयसिंहांच्या मागे उज्जैनची वेधशाळा ओस पडली. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार करविला आणि गोविंद सदाशिव आपटे हे तिचे पहिले अधीक्षक झाले. पुढे १९४२ पासून तेथून दृश्य ग्रहस्थितीचे पंचांग प्रसिद्ध होऊ लागले. दुरुस्त करताना यंत्र जुन्या खुणांवर पुन्हा उभे करणे एवढेच पुरत नाही. ते आकाशाशी जुळते आहे की नाही, हे पाहावे लागते. प्रमाणाशी ताडून यंत्राच्या खुणा खऱ्या करण्याच्या या क्रियेला शास्त्रीय परिभाषेत अंशशोधन म्हणतात.

येथवर आपण केवळ मोजणाऱ्या यंत्रांविषयी बोललो. यंत्राने मोजावे आणि त्यानुसार स्वतःच कृतीही करावी, ही पुढची पायरी. तिचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जेम्स वॉटने १७८८ मध्ये आपल्या वाफेच्या इंजिनाला बसविलेला गतिनियंत्रक. फिरणाऱ्या दांड्याला दोन जड गोळे टांगलेले असत. इंजिनाचा वेग वाढला की गोळे बाहेर फाकत आणि त्यांना जोडलेली झडप वाफ कमी करी. वेग उतरला की गोळे खाली येत आणि वाफ वाढे. मोजणे, हव्या असलेल्या मापाशी ताडणे, फरक असेल तर दुरुस्त करणे आणि पुन्हा मोजणे, अशा चार पावलांचे हे चक्र आहे. कृतीचा परिणाम काय झाला याची वार्ता उलट मापकाकडे येते, म्हणून त्यास फीडबॅक म्हणतात. पुढे १८२१ मध्ये झीबेकने असे दाखविले की दोन भिन्न धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानास ठेवले असता विद्युत्‌परिणाम घडतो. त्यावरून भट्टीचे तापमान दुरून वाचणारी उपकरणे निघाली. १९६८-६९ च्या सुमारास अमेरिकेतील मोटारीच्या कारखान्यांसाठी असे नियंत्रक तयार झाले की कामाचा क्रम बदलण्यासाठी भिंतभर तारा उपटून पुन्हा जोडाव्या लागत नाहीत, केवळ आज्ञावली बदलली की पुरते. आजच्या स्वयंचलित कारखान्याचा पाया तो.

उज्जैन जिल्ह्यातच नागदा येथे १९५४ पासून कृत्रिम धागा तयार होऊ लागला. लाकडाचा लगदा, कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांच्यापासून मधासारखा दाट द्रव करावयाचा आणि तो बारीक छिद्रांतून आम्लाच्या पाण्यात सोडून त्याचे तंतू करावयाचे, अशी ही रीत. द्रवाचा दाटपणा, आम्लाची तीव्रता आणि तापमान ही ठरल्याप्रमाणे राहिली तरच धागा एकसारखा निघतो. त्यातच कार्बन डायसल्फाइड हे विषारी आणि चटकन पेट घेणारे. अशा ठिकाणी माणसाने बोट घालून पाहावे हे शक्य नाही. संवेदक आणि नियंत्रक यांच्यावाचून असला उद्योग चालणारच नाही. म्हणून स्वयंचलन म्हणजे केवळ चैन किंवा नफेबाजी, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुष्कळ ठिकाणी ते माणसाच्या जिवाचे रक्षण आहे.

परंतु त्याची दुसरी बाजू आपल्या कापडगिरण्यांनी पाहिली. स्वयंचलित मागात ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पोलादाची एक पातळ पट्टी लोंबत असते. धागा तुटला की ती खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. विणकराची नजर त्या पट्टीत उतरली. मग एका विणकराने दोनच माग का पाहावे, अधिक का नाही, हा प्रश्न ओघाने आला. साध्या मागांवरही तो आलाच होता. मुंबईत १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरणी कामगारांचा जो प्रचंड संप झाला, त्याच्या प्रमुख कारणांत एका विणकरावर दोनांऐवजी तीन माग सोपविण्याची योजना होती. उज्जैनलाही विनोद मिलसारख्या गिरण्यांचा एक काळ होता आणि तोही संपला. भाकरीचा हा प्रश्न मोठा आहे. आजच्या विषयापुरते मी एवढेच म्हणेन की पाहणारा माणूस कमी झाला म्हणजे केवळ एक पगार कमी होत नाही. घटिकापात्राजवळ बसलेल्या त्या माणसाचे न नेमलेले काम, यंत्रावर शंका घेण्याचे काम, तेही त्याच्याबरोबर नाहीसे होते.

आता पुन्हा रामघाटावर येऊ. क्षिप्रा ही उन्हाळ्यात आटणारी नदी आहे. उज्जैनचा सिंहस्थ चैत्र-वैशाखात येतो, म्हणजे नेमका पाणी नसण्याच्या दिवसांत. म्हणून २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी क्षिप्रेत आणण्याची योजना कार्यान्वित झाली. पंपांच्या साहाय्याने सुमारे साडेतीनशे मीटर उंच चढवून, सेकंदाला पाच हजार लिटरपर्यंत पाणी उज्जैनी नावाच्या गावाजवळ क्षिप्रेच्या उगमाशी सोडावयाचे, अशी ती योजना आहे. तेथून रामघाटापर्यंत नदीचा प्रवास शंभर किलोमीटरांहून अधिक. २०१६ चा सिंहस्थ या पाण्याच्या आधाराने पार पडला आणि पुढचा २०२८ मध्ये यावयाचा आहे.

नियंत्रणशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. घाटावर पाणी फार कमी असून चालत नाही आणि फार जास्त असले तर स्नान करणारे वाहून जाण्याचे भय. हवी असलेली पातळी ठरलेली आहे. प्रत्यक्ष पातळी मोजावयाची आणि फरकाप्रमाणे पाणी सोडावयाचे किंवा अडवावयाचे. परंतु आज वर सोडलेले पाणी घाटावर आज पोहोचत नाही. पातळी कमी दिसली म्हणून पाणी वाढवीत गेलो, तर फरक दिसू लागेपर्यंत गरजेपेक्षा पुष्कळ जास्त पाणी वाटेत असते. वार्ता आणि परिणाम यांच्यामध्ये असा विलंब असला की घाईने केलेली दुरुस्ती नवीच चूक उत्पन्न करते. न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ उशिरा लागतो तेव्हा आपण तो वाजवीपेक्षा अधिक सोडतो आणि मग हात भाजतो, त्यातलाच हा प्रकार.

पातळी मोजावयाची तरी कशाने? सर्वांत जुनी मोजपट्टी म्हणजे घाटाच्या पायऱ्या. कितवी पायरी बुडाली हे कोणालाही सांगता येते. दुसरे साधन म्हणजे नदीशी नळीने जोडलेल्या विहिरीत तरंगणारा तरफा. तिसरे तळाशी ठेवलेले दाबमापक आणि चौथे वरून लहरी सोडून त्या परत येण्याच्या काळावरून अंतर काढणारे रडार उपकरण. प्रत्येकाची खोड वेगळी. तरफ्याच्या नळीत गाळ किंवा निर्माल्य अडकले तर नदी वाढली तरी विहिरीतले पाणी वाढणार नाही. लीलावतीचा मोती तो हाच. दाबमापक गाळात रुतू शकते. रडारखाली काही तरंगत आले तर ते त्यालाच पाणी समजेल. म्हणून शहाणा अभियंता एकाच जातीची दोन उपकरणे बसवून निर्धास्त होत नाही. तो वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारी उपकरणे बसवितो, कारण एकाच कारणाने ती सगळी एकदम चुकण्याचा संभव कमी असतो. आणि एवढे करूनही पायरीवर रंगविलेली खूण तो पुसून टाकत नाही.

पडताळा नसला म्हणजे काय होते, हे सांगण्यास फार दूर जावे लागत नाही. उज्जैनच्या पूर्वेस, दोनशे किलोमीटरांच्या आत, भोपाळ आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीतील दाब साडेदहाच्या सुमारास दर चौरस इंचास दोन पौंड होता. अकराच्या सुमारास तो दहा झाला. दहा हा आकडा नेहमीच्या मर्यादेत बसत होता, म्हणून त्याची विशेष दखल घेतली गेली नाही. आकडा मर्यादेत होता, पण तो अर्ध्या तासात पाचपट झाला होता. शिवाय तेथील मापके वारंवार बिघडत, त्यामुळे कामगारांचा त्यांच्यावर विश्वास उरला नव्हता, हे पुढे झालेल्या शोधांत बाहेर आले. द्रव थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केलेली होती. गळतीची पहिली खरी वार्ता कोणत्याही यंत्राने दिली नाही. ती कामगारांच्या चुरचुरणाऱ्या डोळ्यांनी दिली. मध्यरात्रीनंतर वायू शहरावर पसरला. सरकारी नोंदीप्रमाणेच मृतांची संख्या हजारोंत जाते आणि पिढ्यान्‌पिढ्या भोगणाऱ्यांची मोजदाद त्याहून कितीतरी मोठी आहे.

येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. खोटे सांगणारे मापक घातक असतेच. परंतु वारंवार खोटे सांगून ज्याने आपली पत घालविली आहे, असे मापक जेव्हा एखाद्या रात्री खरे सांगते, तेव्हा ते कोणी ऐकत नाही. लांडगा आला रे, असे ओरडणाऱ्या मुलाची गोष्ट आम्ही शिक्षक लहान मुलांना सांगतो. कारखानदारांनीही ती पुन्हा वाचावी. अंशशोधनावर होणारा खर्च हा विश्वास टिकविण्याचा खर्च आहे.

याच्या उलट प्रकार अलीकडचा आहे. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने कोसळली आणि ३४६ माणसे मृत्युमुखी पडली. विमानाचे नाक हवेच्या प्रवाहाशी किती कोन करते हे सांगणारे दोन संवेदक त्या विमानावर होते. परंतु नाक आपोआप खाली दाबणारी जी यंत्रणा होती, ती एका वेळी त्यांतील एकाच संवेदकाचे ऐकत असे. पहिल्या अपघातात त्या संवेदकाचे अंशशोधनच चुकलेले होते, असे चौकशीत आढळले. त्याने नाक फार वर आहे असे खोटेच सांगितले आणि यंत्रणेने पुनःपुन्हा विमान खाली दाबले. दुसरा साक्षीदार शेजारी हजर होता. त्याला कोणी विचारले नाही.

आणि एक प्रकार असा की ज्यात साक्षीदारालाच फितविले जाते. २०१० मध्ये स्टक्सनेट नावाचा एक संगणकीय विषाणू उघडकीस आला. इराणमधील नतांझ येथील युरेनियम केंद्रातील फिरत्या यंत्रांवर त्याचा रोख होता. त्याची एक युक्ती अशी की सर्व सुरळीत असतानाच्या नोंदी साठवून ठेवावयाच्या आणि यंत्रे बिघडविली जात असताना नियंत्रकांपुढे त्या जुन्या नोंदी पुन्हा खेळवावयाच्या. पडद्यावर सर्व ठीक दिसे. घटिकापात्रात मोती चुकून पडला होता, येथे तो मुद्दाम टाकलेला होता.

या सर्व अनुभवांतून अभियंत्यांनी काही नियम घातले आहेत. जेथे जिवाचा प्रश्न असतो, तेथे एकाच राशीवर तीन संवेदक लावतात आणि दोघांचे एकमत होईल ते ग्राह्य धरतात. जुन्या पंचायतीचाच हा न्याय. संकटकाळी कारखाना बंद करणारी यंत्रणा रोजच्या नियंत्रणयंत्रणेपासून वेगळी ठेवतात, म्हणजे एक फितली तरी दुसरी शाबूत राहते. नव्या जातीचे संवेदक केवळ आकडा पाठवीत नाहीत, स्वतःची प्रकृती बरी आहे की नाही हेही कळवितात. यंत्राच्या कंपावरून त्याचा कणा झिजत आला आहे हे आधीच ओळखता येते. जेथे मापक बसविताच येत नाही, तेथे इतर मापकांच्या नोंदींवरून संगणक अदमास बांधतो. ही सर्व प्रगती स्वागतार्ह आहे. मात्र संगणकाचा हा अदमास म्हणजे स्वतंत्र साक्ष नव्हे, हे विसरता कामा नये. त्याने जे शिकले ते त्याच जुन्या मापकांकडून शिकले. एकाच गुरूच्या दहा शिष्यांनी एकच उत्तर दिले, म्हणून ते उत्तर दहा वेळा सिद्ध झाले असे होत नाही.

आमच्या शाळाखात्यातही हेच तत्त्व चालते. बोर्डाच्या उत्तरपत्रिका परीक्षक तपासतो आणि त्याच्यावर नियामक असतो. हा परीक्षकाचा अपमान आहे असे कोणी मानत नाही. मुलाचे वर्ष एका माणसाच्या थकलेल्या डोळ्यांवर अवलंबून राहू नये, एवढाच त्याचा अर्थ. बाजारातल्या तराजूवर वैधमापन खात्याची मुद्रा पाहण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला आहे, तोही याच न्यायाने. गावाशेजारी रासायनिक कारखाना असेल, धरणाचे दरवाजे आपोआप उघडणारे असतील, रुग्णालयात प्राणवायूचा दाब यंत्र सांभाळीत असेल, तर तेथे राहणाऱ्या नागरिकाने यंत्र किती नवे आहे हे विचारून थांबू नये. त्याचे अंशशोधन शेवटी केव्हा झाले, त्याचा पडताळा कोण पाहतो, आणि दोन यंत्रांत मतभेद झाला तर निर्णय कोण करतो, हे तीन प्रश्न त्याने विचारावेत. त्यांची उत्तरे देण्यास जो टाळाटाळ करतो, त्याचे यंत्र कितीही महागाचे असले तरी त्यावर विसंबू नये.

जयसिंहांच्या वेधशाळांपैकी मथुरेची आज उरलेली नाही. उज्जैनची उभी आहे आणि तेथील भिंतीची सावली आजही वर्तुळखंडावर सरकते. तेथे जाणाऱ्याने आपले घड्याळ सावलीशी जरूर लावून पाहावे. फरक दिसेल, कारण आपले घड्याळ भारतीय प्रमाणवेळ सांगते आणि भिंत उज्जैनची स्थानिक वेळ सांगते. तो फरक किती आणि का, याचा हिशेब तेथेच मिळतो. तो हिशेब करून दोन्ही साक्षी जुळल्या, म्हणजे मगच वेळ कळली असे समजावे.